काट्याने काटा काढताना

काट्याने काटा काढावा, अशी आपल्याकडे म्हण आहे. पायात रुतलेला बाभळीचा काटा काढायला दुसरा काटाच उपयोगी पडतो, हे रानावनात अनवाणी हिंडलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. मात्र काढणारा काटा टोकदार आणि न मोडणारा हवा, तो धरणारा हातही स्थिर हवा. नाही तर एकाचे दोन काटे पायात राहतात. म्हणीचा हा उरलेला अर्धा भाग आपण सहसा बोलत नाही.

जीवाणूंना मारणाऱ्या विषाणूंबद्दल, म्हणजे बॅक्टेरिओफाजबद्दल, सध्या जे लिहिले-बोलले जाते त्यात हाच अर्धा भाग गळालेला दिसतो. प्रतिजैविक औषधांना अनेक रोगजंतू दाद देईनासे झाले आहेत, ही गोष्ट खरी आहे. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे अशा औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. साहजिकच नव्या उपायाचा शोध सुरू आहे आणि फाजकडे मोठ्या आशेने पाहिले जात आहे. काही जण म्हणतात, आता प्रतिजैविकांची गरजच संपली. आपल्याकडे आणखी काही जण म्हणतात, हे तर आम्हाला पूर्वीपासूनच ठाऊक होते. गंगेच्या पाण्यात फाज आहेत, म्हणून ते कधी नासत नाही. याउलट कित्येक डॉक्टर मान हलवून म्हणतात, हा शंभर वर्षांपूर्वीचा फसलेला प्रयोग आहे, तो आता कशाला उकरून काढता?

माझे मत या तिन्हींहून वेगळे आहे. फाजचा प्रयोग फसला नव्हता. तो नीट केलाच गेला नव्हता. आज आपल्याला तो नीट करण्याची संधी आहे आणि आपण तो केलाच पाहिजे. पण पूर्वीचीच घाई पुन्हा केली, तर एक चांगले हत्यार आपण दुसऱ्यांदा फेकून देऊ. असे मी का म्हणतो, ते समजण्यासाठी प्रथम फाजची ओळख करून घेऊ.

जीवाणूंचा काळ

गोवर, कांजिण्या, सर्दी हे आपले रोग विषाणूंमुळे होतात. तसे जीवाणूंनाही त्यांचे स्वतःचे विषाणू असतात. तेच फाज. माती, समुद्र, नदी, सांडपाणी, आपले आतडे, जेथे जेथे जीवाणू तेथे तेथे फाज असतातच. पृथ्वीवरील एकूण फाजांची संख्या एकावर एकतीस शून्ये इतकी असावी, असा अंदाज आहे.

आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूवर जगणारा टी-४ नावाचा फाज चांगला अभ्यासलेला आहे. त्याची लांबी सुमारे २०० नॅनोमीटर, म्हणजे असे पाच हजार फाज एकापुढे एक ठेवले तर १ मिलिमीटर भरेल. त्याला पैलूदार डोके असते, खाली शेपटी असते आणि शेपटीच्या टोकाला कोळ्याच्या पायांसारखे तंतू असतात. या तंतूंनी तो जीवाणूच्या कवचावरची ठरावीक जागा पकडतो. मग शेपटीचे आवरण आकसते, आतली नळी कवचात घुसते आणि डोक्यातील डीएनए जीवाणूत उतरतो. त्या क्षणापासून जीवाणूचा कारखाना मालकाचे काम सोडून फाजच तयार करू लागतो. सुमारे अर्ध्या तासात जीवाणू फुटतो आणि शंभराच्या आसपास नवे फाज बाहेर पडतात.

आता हिशोब करा. दर अर्ध्या तासाला एकाचे शंभर होत गेले, तर दोन तासांनी एका फाजचे किती होतील? दहा कोटी! हा अर्थात कागदावरचा हिशोब आहे. प्रत्यक्षात इतके जीवाणू जवळपास असायला हवेत. पण त्यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. गोळी पोटात गेल्यावर तिचे औषध हळूहळू कमी होत जाते. फाज मात्र शिकार आहे तोवर वाढतो आणि शिकार संपली की आपोआप कमी होतो. शिवाय तो माणसाच्या पेशींना चिकटत नाही आणि आतड्यातील इतर उपयुक्त जीवाणूंनाही सहसा धक्का लावत नाही.

हाच गुण अडचणही ठरतो. एका जातीचा फाज त्या जातीतील सर्व जीवाणूंवरही चालत नाही. काही वाणांवर चालतो, काहींवर नाही. रोग्याच्या अंगात कोणता वाण आहे हे न पाहता हाताला लागेल तो फाज देणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो.

शोध आणि उतावळेपणा

१९१५ साली लंडनमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट यांना जीवाणूंच्या काही वसाहती काचेसारख्या पारदर्शक होऊन नष्ट होताना दिसल्या. दोन वर्षांनी, १९१७ मध्ये, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फेलिक्स देरेल यांनी हगवणीच्या रोग्यांची विष्ठा पाण्यात कालवून अतिशय बारीक गाळणीतून गाळली. गाळणीतून एकही जीवाणू पार जाणे शक्य नव्हते. तरीही ते गाळलेले पाणी हगवणीच्या जीवाणूंच्या गढूळ द्रावणात टाकताच द्रावण नितळ झाले. जीवाणूंना खाणारे काहीतरी त्यात होते. देरेल यांनी त्याला बॅक्टेरिओफाज, म्हणजे जीवाणुभक्षक, असे नाव दिले. फाज डोळ्यांना दिसायला मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची, म्हणजे १९४० सालाची, वाट पाहावी लागली.

देरेल मोठे धाडसी. १९१९ साली पॅरिसच्या बालरुग्णालयात हगवणीने आजारी असलेल्या मुलांना फाज देण्याआधी त्यांनी तो स्वतः पिऊन पाहिला. मुले बरी झाली. १९२५ मध्ये इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे प्लेगच्या चार रोग्यांच्या गाठींत त्यांनी फाज टोचला. तेही बरे झाले. ही बातमी सर्वत्र पसरली. त्या काळात प्लेगने आणि पटकीने हिंदुस्थानात माणसे मरत होती. देरेल यांना येथे बोलावण्यात आले. मुंबईच्या हाफकिन संस्थेतही ते आले होते. पुढे पंजाबात त्यांनी पटकीच्या रोग्यांवर प्रयोग केले, विहिरींत फाज टाकून पाहिले आणि अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध केले.

यानंतर १९२७ ते १९३६ या काळात आपल्याकडे फाजची मोठी सरकारी चौकशी झाली. पाटण्याला इगोर अशेशोव्ह आणि शिलाँगच्या पाश्चर संस्थेत जॉन मॉरिसन हे शास्त्रज्ञ काम करीत होते. आसामातील नौगाव भागात पटकीचा फाज गावोगावी वाटण्यात आला. तुलनेसाठी हबीगंज हा भाग, जो आता बांगलादेशात आहे, तो निवडला होता. नौगावात पटकीचे मृत्यू कमी झाले. मग पटकीवर औषध सापडले असे का म्हणू नये?

कारण पटकीची साथ स्वतःच्या लहरीने येते आणि स्वतःच्या लहरीने ओसरते. एखाद्या भागात काही वर्षे ती जोरात असते, मग औषधाविनाही मंदावते. दोन भागांत पाणी वेगळे, पाऊस वेगळा, जत्रा आणि येणे-जाणे वेगळे. अशा वेळी मृत्यू फाजमुळे घटले की कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, हे कसे ठरवणार? एवढा खटाटोप होऊनही शेवटी ठाम निकाल हाती आला नाही, याचे मला राहून राहून वाईट वाटते. पण हे लक्षात घ्या, की ठाम निकाल न लागणे आणि फाज निरुपयोगी ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याच सुमारास युरोप-अमेरिकेत फाजच्या बाटल्या बाजारात विकल्या जात होत्या. फाज कशावर चालतो याचा विचार न करता तो कसल्याही दुखण्यावर दिला जाई. कित्येक बाटल्यांत टिकाऊपणासाठी अशी द्रव्ये घातलेली असत, की त्यांनी आतला फाजच मरून जाई. १९३४ साली ईटन आणि बेन-जोन्स या दोघा अमेरिकी शास्त्रज्ञांनी शंभराहून अधिक शोधनिबंध तपासून सांगितले, की बहुतेक ठिकाणी पुरावा अपुरा आहे. पुढे पेनिसिलिन आले. एकच औषध अनेक रोगजंतूंवर चालू लागल्यावर फाज कोण शोधत बसणार? पाश्चात्त्य देशांत तो अडगळीत पडला.

तिबिलिसीची कथा

सगळीकडे मात्र तो अडगळीत पडला नाही. जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी येथे जॉर्जी एलियावा यांनी १९२३ साली एक संस्था स्थापन केली होती. देरेल त्यांचे मित्र. काही काळ ते तेथे जाऊन कामही करीत होते. १९३७ साली स्टालिनच्या राजवटीत एलियावा यांना अटक करून गोळी घालण्यात आली. पण संस्था टिकली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

१९६३-६४ मध्ये तिबिलिसी शहरात हगवणीवर एक मोठा प्रयोग झाला. ३० हजारांहून अधिक लहान मुले त्यात होती. रस्त्याच्या एका बाजूच्या घरांतील मुलांना फाज द्यायचा, समोरच्या बाजूच्या मुलांना द्यायचा नाही, अशी योजना होती. फाज दिलेल्या मुलांत हगवणीचे प्रमाण सुमारे ३.८ पटीने कमी आढळले. नौगाव-हबीगंजपेक्षा ही तुलना किती शहाणपणाची आहे पाहा! रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी तेच, हवा तीच, बाजारही तोच. आजच्या कसोटीला हा प्रयोगही पूर्ण उतरत नाही. कोणाला फाज द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, घर न पाहता ठरवायला हवे. तरीही पूर्वीपेक्षा हे पाऊल पुढचेच होते.

आजची स्थिती

अलीकडची दोन उदाहरणे जगभर गाजली. २०१६ साली अमेरिकेत सॅन दिएगो येथील एक प्राध्यापक इजिप्तच्या प्रवासात लागलेल्या संसर्गाने मरणाच्या दारात होते. त्यांच्या अंगातील जीवाणूवर एकही प्रतिजैविक चालत नव्हते. त्यांच्या पत्नी स्टेफनी स्ट्रॅथडी या स्वतः साथरोगतज्ज्ञ. त्यांनी देशोदेशींच्या प्रयोगशाळांना पत्रे लिहून योग्य फाज मिळवले. बेशुद्ध प्राध्यापक शुद्धीवर आले आणि पुढे घरी गेले. उपचार चालू असताना जीवाणूंनी पहिल्या फाजांना तोंड देण्याची युक्ती शोधली, तेव्हा सांडपाण्यातून नवे फाज शोधून द्यावे लागले, ही गोष्टही विसरू नये.

दुसरे उदाहरण विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. इंग्लंडमधील १५ वर्षांच्या एका मुलीच्या शरीरात, फुप्फुसे बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर, क्षयाच्या जंतूच्या कुळातील एका हट्टी जीवाणूने ठाण मांडले होते. अमेरिकेतील पिट्सबर्गचे ग्रॅहम हॅटफुल यांनी आपल्या संग्रहातील हजारो फाजांमधून तीन निवडले. त्यांपैकी दोघांत जनुकीय बदल करावा लागला. तिसरा जसाच्या तसा वापरता आला. हा तिसरा कोठे सापडला होता? दक्षिण आफ्रिकेत डर्बन येथे, एका कुजलेल्या वांग्याच्या खाली! आणि तो शोधला होता २०१० साली महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीने. फाज देऊ लागल्यावर मुलीच्या जखमा भरू लागल्या आणि प्रकृती सुधारली. संसर्ग समूळ गेला असे मात्र डॉक्टरांनी म्हटले नाही.

आता दुसरी बाजू. फ्रान्स आणि बेल्जियम या देशांत २०१५ ते २०१७ या काळात भाजलेल्या रोग्यांच्या जखमांवर १२ फाजांचे मिश्रण देऊन पाहिले गेले. रोगी केवळ २७ मिळाले. साठवणीत फाज मरत गेल्याने ठरलेल्या मात्रेच्या हजारो पटींनी कमी मात्रा जखमेवर पडली. साहजिकच नेहमीचे मलम अधिक जलद ठरले. म्हणजे जुन्या बाटल्यांची अडचण शंभर वर्षांनीही पूर्ण सुटलेली नाही.

आणखी एक धोका सांगतो. सगळेच फाज जीवाणूला लगेच मारत नाहीत. काही जण आपला डीएनए जीवाणूच्या डीएनएत मिसळून मुकाट्याने राहतात आणि कधी कधी त्याच्या हाती नवे शस्त्र देतात. पटकीचा जंतू ज्या विषामुळे रोग्याच्या अंगातील पाणी काढून घेतो, त्या विषाचे जनुक एका फाजनेच त्याच्यात आणले आहे, हे १९९६ साली सिद्ध झाले. घटसर्पाच्या विषाचीही गोष्ट तशीच. शत्रूचा शत्रू तो आपला मित्र, असे येथे डोळे मिटून म्हणता येत नाही.

गंगेच्या पाण्याचे काय?

१८९६ साली आग्र्याला काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन यांनी लिहिले, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात आणि पाणी उकळले की हा गुण नाहीसा होतो. त्यांना कारण म्हणून एखादे उडून जाणारे रसायन वाटले. पुढे फाजचा शोध लागल्यावर अनेकांनी म्हटले, की हे फाजच असले पाहिजेत. ते फाजच होते असे सिद्ध झालेले नाही, आणि काही अभ्यासकांना ते पटतही नाही.

पण घटकाभर ते फाजच होते असे मानू. मग पाणी पिण्यास योग्य ठरते का? मुळीच नाही. फाज जीवाणूंवाचून वाढत नाहीत. पाण्यात आतड्यातील जीवाणूंचे फाज भरपूर असणे म्हणजे त्यात मैला भरपूर मिसळला असणे. म्हणून तर पाण्यात मैला मिसळला आहे का, हे तपासताना शास्त्रज्ञ ई. कोलायचे फाज मोजतात! संशोधकांना नवे फाज हवे असले की ते स्वच्छ झऱ्याकडे न जाता गटाराकडे जातात. शिवाय १८६७ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यातून पटकीची भयंकर साथ उत्तर हिंदुस्थानभर पसरली, ती याच गंगेच्या काठावरून. नदीवर प्रेम असेल तर तिच्यात मैला सोडणे थांबवावे. फाजच्या नावाने घाण पाण्याला शुद्धतेचा दाखला देणे हे विज्ञान नव्हे आणि नदीवरची भक्तीही नव्हे.

मग करायचे काय?

मला तीन गोष्टी आवश्यक वाटतात.

पहिली, फाजांच्या सार्वजनिक पेढ्या हव्यात. बियाण्यांच्या पेढीत जसे वाण जपून ठेवतात, तसे आपल्या रुग्णालयांत आढळणाऱ्या हट्टी जीवाणूंवर चालणारे फाज शोधून, त्यांचा डीएनए तपासून, जीवाणूला मारणारे तेवढे वेगळे काढून साठवले पाहिजेत. ही पेढी लोकांच्या पैशाने चालावी आणि तिची दारे प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला उघडी असावीत. दूरदेशीच्या प्रयोगशाळांना पत्रे लिहिण्याची सोय प्रत्येक रोग्याच्या नातेवाइकांकडे नसते.

दुसरी, चोख तुलना. फाज दिलेले आणि न दिलेले रोगी निवडताना डॉक्टरांची मर्जी किंवा रोग्याचा वशिला आड येता कामा नये. यावर कोणी म्हणेल, समोर माणूस मरत असताना तुम्ही तुलना काय करत बसता? हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. जेथे दुसरा कोणताच उपाय उरलेला नाही, तेथे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली फाज जरूर द्यावा. बेल्जियममध्ये एखाद्या ठरावीक रोग्यासाठी असे औषध बनवून देण्याची कायदेशीर सोय केलेली आहे. पण अशा प्रत्येक उपचाराची नोंद ठेवून ती प्रसिद्ध झालीच पाहिजे, आणि रोगी वाचला नाही तर तेही लिहिले पाहिजे. वाचलेल्यांच्याच कथा छापल्या, तर आपण पुन्हा १९२५ सालात जाऊ. तेव्हाच्या अपुऱ्या नोंदींची किंमत पुढच्या कित्येक रोग्यांनी मोजली आहे.

तिसरी, आहेत ती प्रतिजैविके जपून वापरणे. फाज आला म्हणून ही जबाबदारी संपत नाही. बहुतेक ठिकाणी फाज प्रतिजैविकांच्या जोडीनेच दिला जातो. त्यांच्या जागी नव्हे. साध्या सर्दीसाठी औषधाच्या दुकानातून मनानेच गोळ्या आणून खाणारा माणूस उद्याच्या रोग्याचे हत्यार आज बोथट करतो.

आणि तुम्ही विद्यार्थी? घरी जीवाणू वाढवण्याचा उद्योग मात्र करू नका. त्यात रोगजंतू कधी वाढतील ते कळणार नाही. पण उद्या तुम्ही महाविद्यालयात जाल. २००८ पासून अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षाचे विद्यार्थी मातीतील निरुपद्रवी जीवाणूंवरचे फाज शोधण्याचा अभ्यासक्रम पुरा करतात. बशीतल्या जीवाणूंच्या दुधी थरावर टाचणीच्या डोक्याएवढा नितळ ठिपका दिसला, की तेथे फाज आहे. त्याला विद्यार्थी नाव देतात, त्याची नोंद होते, तो थंडीत जपून ठेवला जातो. यासाठी फार महाग यंत्रे लागत नाहीत. चिकाटी आणि स्वच्छ हात लागतात. आपल्या महाविद्यालयांतूनही असा अभ्यासक्रम सर्रास सुरू व्हावा, असे मला मनापासून वाटते. तो सुरू करा म्हणून आपल्या शिक्षकांच्या मागे लागा. कोणत्या शेताच्या बांधावरचे कोणते कुजलेले वांगे कोणाच्या उपयोगी पडेल, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. पण ते उचलून पाहणारा आणि जे दिसेल ते खरे लिहून ठेवणारा कोणीतरी हवा.